गळ्याची आण

प्रिय भावना,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी हसूच येईल. म्हणशील, बेबी येडी झाली काय, हातात मोबाईल असताना पत्र लिहून राह्यली. हास बाई, पोटभर हास. पण हसून झालं की दाराला कडी घाल आणि सगळं वाच, अर्ध्यात सोडू नको. हे पत्र मी पोस्टात टाकलं न्हाई आणि आपल्या मालाच्या टेम्पोवाल्याजवळही दिलं न्हाई. आमचे हे स्वतः रविवारच्या गाडीनं भोकरदनला येतायत, तुझ्याच हातात देतील. बियाण्याच्या गोदामात त्यांना आठवड्याची एकच सुट्टी, तीही माझ्यापायी गेली म्हणून कुरकुरत येतील. त्यांना चहा पाज, साखर कमी. फोन काहून केला न्हाई, तेही सांगते. एकदम सांगितलं तर तुला पटणार न्हाई, म्हणून जसं घडलं तसं सुरुवातीपासून लिहिते.

दिवाळीनंतर आपल्या चारी दुकानांना मिळून एकच सुपरवायझर राहणार, हे तुझ्याही कानावर आलंच असेल. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, चार दुकानं आणि एक माणूस. बदनापूरच्या आदिनाथनं वारं ओळखलं आणि तो गेला सासऱ्याच्या मोसंबीच्या बागेत. जाफराबादला तर उन्हाळ्यापासून कोणी नेमलेलंच न्हाई, तिथं यंत्रच सगळं बघतं. राहिलो आपण दोघी, जालन्याला मी आणि भोकरदनला तू. सरळ बोलायचं तर तू किंवा मी. हे आपण फोनवर एकमेकींना कधी बोललोच न्हाई. तू तुझ्या तृप्तीच्या नर्सिंगच्या अभ्यासाचं सांगायचीस, मी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं, आणि खऱ्या गोष्टीला वळसा घालून दोघी फोन ठेवायचो. इतकी वर्षं जिच्यासोबत एका डब्यात जेवले तिच्याच जागेकडं डोळा ठेवायचा म्हणजे काय, ते आता कळून राह्यलं. भीती वाटते गं. नोकरीची वाटते आणि त्याहून जास्त ह्याची वाटते.

जालन्याचं दुकान उघडलं तेव्हाचं आठवतं का? आपल्याला दोघींना निळे कोट दिले होते आणि तुझा पार गुडघ्यापर्यंत यायचा. मी डाळींच्या रॅकवर, तू साबण-पावडरच्या. तेव्हाचे सुपरवायझर अण्णासाहेब दुकानभर चपला फटफट वाजवत फिरायचे. त्या आवाजावरून आपल्याला समजायचं की आता उभं राहायचं. तोंडाचा फटकळ माणूस, पण शिकवलं त्यानंच. खेड्यावरून आलेल्या बाईला भाव विचारायची लाज वाटत असली तर आपणच मोठ्यानं भाव बोलायचा, जणू दुसऱ्याच कोणाला सांगून राह्यलो. पोरगी सकाळपासून गप्प असली तर त्या दिवशी तिला गल्ल्यावर बसवायचं न्हाई, मागं माल लावायला द्यायचा, तिथं ती रडून घेते. आणि तू तर त्यांच्याही पुढची निघालीस. तू भोकरदनला सुपरवायझर झालीस आणि तुझ्या दुकानातल्या दोन पोरी भाऊबीजेच्या सुट्टीवरून भांडल्या, तेव्हा तू दोघींना घरी पाठवलंस आणि स्वतः गल्ल्यावर बसलीस. मंग तुझा भाऊच दुकानात आला आणि तू त्याला बिस्किटांच्या रॅकसमोर ओवाळलंस. रांगेतली गिऱ्हाइकं टाळ्या वाजवून राह्यली होती. मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे, सुपरवायझरचं काम असं असतं, ते कोणतं यंत्र करणार? आता असं म्हणायची माझी हिंमत न्हाई.

हे यंत्र आलं तेव्हा मी बी खूशच होते, खोटं कशाला बोलू. छताला कॅमेरे, ऑफिसात मोठा स्क्रीन, आणि यंत्राचं बोलणं ऐकायला प्रत्येकीच्या कानात ते शेंगदाण्याएवढं कानातलं. पोळ्याच्या आधी त्यानं सांगितलं की गूळ आणि हरभऱ्याची डाळ पुरणार न्हाई, जास्तीची मागवा. दरसाल पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण डाळीपायी शिव्या खायचो, यंदा एक बाई रिकाम्या पिशवीनं परत गेली न्हाई. कोणता रॅक रिकामा झाला, कोणत्या गल्ल्यावर रांग वाढली, कोणाला तिकडं पाठवायचं, कोणाची सुट्टी कधी, सगळं आपलं आपण. हेड ऑफिसचा आर्यन, ज्याच्याकडं आपली चारी दुकानं आहेत, तो मला म्हणाला, ताई, आता तुम्ही निवांत, तुम्ही फक्त माणसं सांभाळा. मी निवांत झाले आणि मंग मला समजेना की हात कुठं ठेवावेत. स्वतःच्या दुकानात मी पाहुण्यासारखी उभी राहायला लागले. कोणी काही विचारायला यावं म्हणून सरळ असलेल्या बरण्या उगाच सरळ करायचे.

पण पोरी त्या यंत्राचं ऐकत नव्हत्या, हे तुलाही माहीत आहे. त्याची भाषा पार पुस्तकातली. कृपया तेल विभागात उपस्थित राहावे! आपल्या पोरी खिदळायच्या, त्याला निबंधवाली बाई म्हणायच्या आणि जागच्या हलायच्या न्हाईत. मंग आर्यनला सुचलं की आवाज बेबीताईंचा घ्यावा, पोरी त्यांचं ऐकतात. काय फुगले होते मी! गोदामाशेजारच्या खोलीत रोज दुपारी बसवून त्यांनी माझ्याकडून बोलवून घेतलं. रागावून दाखवा, समजावून दाखवा, कोणाच्या घरी दुखणं असलं तर कसं विचारता, ऐकत न्हाई तिला कसं वळवता. मी अगदी मनापासून बोलले, जणू ती पोरगी समोरच बसून राह्यली. सासूबाई गल्लीभर सांगत फिरल्या की आमच्या सुनेचा आवाज चार गावांत वाजतो. आणि तू! पहिल्याच दिवशी फोन करून म्हणालीस, मेले, दिवसभर माझ्या कानात बसून राह्यलीस, इतकं तर माझा नवरा बी बोलत न्हाई. आपण किती हसलो होतो. आपण काय देऊन बसलो हे मला तेव्हा बिलकुल कळलं न्हाई.

काळजात धस्स झालं ते साळूबाईंमुळं. आपल्या झाडूवाल्या साळूबाई, त्यांचे गुडघे गेलेत, दुपारी तांदळाच्या पोत्यांजवळ थोडं टेकतात. आपण दोघींनी त्यांना कधी उठवलं न्हाई. त्या दिवशी मी तेलाच्या रॅकपाशी होते. साळूबाई एकदम दचकून उठल्या आणि माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी त्यांच्या ताटातली भाकर उचलली. त्यांच्या कानात माझा आवाज म्हणाला होता, मावशी, ही बसायची जागा न्हाई, कंपनी बसायचा पगार देत न्हाई. मावशी हा शब्द बराबर माझ्यासारखा. पुढचं माझं न्हाई गं, आमच्या सात पिढ्यांत म्हाताऱ्या माणसाला असं कोणी बोललं न्हाई. मी धावत जाऊन म्हटलं, मावशी, मी न्हाई हो बोलले. तर त्या म्हणाल्या, मंग कोण बोललं, माझ्या कानात काय भूत हाय? आणि पोतं धरत धरत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला त्यांच्या डब्यातला ठेचा दिला न्हाई.

मंग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. मी मागून हाक मारली की पोरी वळून बघत न्हाईत, कानाला बोट लावतात. समोर उभी राहून बोलले तरी बोट कानाकडंच जातं. एकदा गल्ल्यावरच्या पोरीला मी एक सांगून राह्यले होते आणि कानातलं दुसरं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि ऐकत होती कानातल्या आवाजाचं. तिनं तसंच केलं, आणि रांग लवकर सरलीही, म्हणजे मला रागवायची बी सोय उरली न्हाई. गैरहजर पोरींना सकाळचे फोनही तोच आवाज करायला लागला. ताप उतरला का विचारायचा, औषध घे म्हणायचा. पोरी संध्याकाळी येऊन मला म्हणायच्या, ताई, किती काळजी करता हो. मी नुसती हसायचे. घरी भाकरी थापताना बोलायला तोंड उघडलं की आपलाच आवाज परका वाटायचा, म्हणून मी गप्प राहायला लागले. हे विचारायचे, तोंडाला कुलूप लावलं का. मी हातानंच खूण करायचे, घसा बसलाय.

आता प्रियाचं सांगते. जाफराबादच्या दुकानातली, बारीक अंगाची, मागच्या उन्हाळ्यात तिला आपण दोघींनीच शिकवलं होतं. घरात आई आणि ती, बाकी कोणी न्हाई. गुरुवारी सकाळी मी दुकानाजवळ पोचले तर ही शटरपाशी उभी, पहिल्या जीपनं आल्ती. मला बघून रडायलाच लागली. म्हणाली, ताई, तुमच्या शब्दाखातर मी राजीनामा दिला, आता मला कुठं तरी चिकटवा. मी म्हटलं, माझा कोणता शब्द? तर म्हणाली, तुम्हीच न्हाई का काल दुपारी फोन केल्ता? आधी आईच्या शुगरचं विचारलं, मंग म्हणाल्या की माणसं कमी होणार हायेत, काढून टाकलेल्या पोरीला पुढं कोणी दारात उभं करत न्हाई, त्यापेक्षा तू आपणहून सोड, इज्जतीत सोड. प्रिया न्हाई न्हाई म्हणत राहिली. तेव्हा तो आवाज म्हणाला, माय, तुला माझ्या गळ्याची आण हाय. मोबाईलवर राजीनाम्याचं हिरवं बटण आलं होतं. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

भावना, पुण्या-मुंबईच्या माणसाला हे बोलण्यातलं एक वाक्य वाटेल. आपल्याकडं गळ्याची आण घातली की विषय संपला. मोडली तर मोडणारीचं काही वाकडं होत न्हाई, जिनं घातली तिच्या गळ्यावर येतं. म्हणून तर कोणी मोडत न्हाई. माणूस स्वतःच्या जिवावर उदार होईल, दुसरीचा गळा कसा धोक्यात घालणार? आणि जिनं घातली तिनं सुटली म्हटल्याशिवाय ती सुटत न्हाई. आमच्यात देवाधर्माची शपथ कोणी घेत न्हाई, आमच्या ह्यांना तर असल्या गोष्टींची चीड आहे. पण ही आण आईच्या बोलण्यातून माझ्या तोंडात आली ती राहिलीच. पोरगी तापानं फणफणत कामावर आली की मी म्हणायचे, घरी जा माय, माझ्या गळ्याची आण. गोदामाशेजारच्या खोलीत बसून मी हेच वाक्य बोलून दाखवलं होतं, मायेनं.

मी प्रियाला म्हटलं, पोरी, तो फोन माझा नव्हता, ते यंत्र आहे. तिनं डोळे पुसले. मला वाटलं, समजली. तर म्हणाली, ताई, मी तुमचा आवाज ओळखत न्हाई का? माझ्या आईची शुगर यंत्राला काय ठाऊक? आधी आण घालायची आणि आता अंग काढून घ्यायचं? मी तिचा हात धरला. शपथ घेऊन सांगते, असं म्हणणार होते, पण जीभच उचलेना. ती शपथही त्याच आवाजातली असती! हात सोडवून ती बसस्टँडकडं निघाली. मी ओरडून हाक मारली, ती थांबली न्हाई. मी जिवंत बाई तिच्यापुढं उभी होते आणि तिनं फोनातल्या मला खरं मानलं.

दुपारी आर्यन आला तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं. पोरगा वाईट न्हाई, त्याचंही तोंड उतरलं. म्हणाला, ताई, असं बोल म्हणून त्याला कोणीच सांगितलेलं न्हाई. वरती एवढंच ठरलं की माणसं आपणहून सोडतील असं बघायचं, कारण काढलं तर भरपाई द्यावी लागते, तक्रारी होतात. पुढचं ते स्वतःच शोधतं. कोणाला काय म्हटलं की ती हो म्हणते, हे बघत बघत शिकतं. नाना तऱ्हेनं बोलून बघितलं असेल, त्यात हे वाक्य लागू पडलं. ऐक, काय तऱ्हा! आण म्हणजे काय हे त्याला माहीत न्हाई, पण ती चालते एवढं माहीत आहे. कंपनीचा सुंठीवाचून खोकला गेला आणि नाव माझं झालं. मी म्हटलं, बंद कर ते. तो म्हणाला, माझ्या हातात न्हाई. मी म्हटलं, मंग माझा आवाज परत दे. तो म्हणाला, आवाज घेतला तेव्हाच्या कागदावर तुमची सही आहे. आणि इकडंतिकडं बघून, मला बरं वाटावं म्हणून, हळूच बोलला की तुम्ही घाबरू नका ताई, ती एक जागा तुमचीच आहे, आवाज तुमचा, पोरी तुम्हाला मानतात, तसं ठरल्यातच जमा आहे. फक्त बाहेर बोलू नका, न्हाई तर माझं बी अवघड होईल. त्या बिचाऱ्याला स्वतःचं दिवाळीनंतर काय होणार तेही माहीत न्हाई.

तुझ्यापासून काय लपवायचं, ऐकून क्षणभर बरं वाटलं मला. जागा माझी! सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन डोक्यावर आहे, ह्यांच्या गोदामातही पोती मोजायला यंत्र बसवून राह्यले. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात संसार लावून बघितला. पण चहा ठेवता ठेवता दुसराच विचार आला आणि चहा उतू गेला. जागा माझी म्हणजे कोणाची? माझी का त्या आवाजाची? आवाज तर त्यांच्याजवळ आहेच. तो ना जेवायला थांबतो, ना सुट्टी मागतो, ना साळूबाईंची कीव करतो. मंग बाई कशाला लागेल? आज दुसऱ्यांना काढायला मी लागते, उद्या मलाच माझ्या आवाजात फोन येईल. माय, तू आता थकलीस, म्हणेल. आणि भावना, मी ऐकेन की काय, अशी भीती वाटून राह्यली. मी भल्याभल्यांना वळवलंय, स्वतःला वळवायला मला कितीसा वेळ लागेल?

शुक्रवारी सकाळी हजेरीला मी सगळ्या पोरींना गोळा केलं. म्हटलं, कानातली काढा आणि माझ्याकडं बघा. एकीनंही काढलं न्हाई, सगळ्या कॅमेऱ्याकडं बघायला लागल्या. तरी मी बोलले. म्हटलं, फोनवर माझा आवाज आला तर ती मी न्हाई, फोनवर कशालाच हो म्हणू नका. अजून बोलायचं होतं, पण पोरींची बोटं एकदमच कानाला गेली. काय ऐकलं ते मला समजलं न्हाई, माझ्या कानात तेव्हा काही नव्हतं. माझ्याकडं एकदा बघून त्या सगळ्या गपचूप आपापल्या जागेवर गेल्या. मी मोकळ्या जागेत एकटी उभी. नंतर एका पोरीला विचारलं, काय सांगितलं गं? तर ती अवघडून म्हणाली, तुम्हीच म्हणाल्या ना ताई, माझी तब्येत बरी न्हाई, माझं बोलणं मनावर घेऊ नका.

वाच ते परत. मला येडं ठरवलं, आणि तेही माझ्याच आवाजात, काळजीनं.

त्याच दुपारी मी तुला फोन केला होता. आठवतो का? तुला काही वाटलंही नसेल. मी म्हटलं, भावना, ऐक ना, एक महत्त्वाचं बोलायचंय. आणि तू म्हणालीस, हो मॅडम, साबणाचा रॅक भरून घेतलाय, आणि फोन ठेवून दिलास. मॅडम! बेबे म्हणून हाका मारणारी तू, मला यंत्रच समजलीस. परत लावायची हिंमत झाली न्हाई. लावून काय म्हणणार होते, की मी खरी बेबे? ते बी हेच म्हणू शकतं. जुन्या आठवणी सांगून ओळख पटवावी म्हटलं, तर आपण निम्म्या गप्पा दुकानात उभ्या राहूनच मारल्यात. त्यानं काय काय ऐकून ठेवलंय, मला काय माहीत. म्हणून कागद घेतला. मेहंदीत नाव काढताना, सामानाच्या पिशवीवर नाव टाकताना, तू माझं हे वाकडं अक्षर किती वेळा बघितलंयस. ते अजून तरी माझ्या हातातच आहे.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप केला ते वाच. आर्यननं गुरुवारी जाता जाता सांगितलं की सोमवारपासून भोकरदनच्या दुकानाचे फोन सुरू होणार आणि पहिला फोन तुला. आवाज माझा असेल. तृप्तीच्या परीक्षेचं विचारेल, दाजींच्या कंबरेचं विचारेल, म्हणेल की आपल्या दोघींत वाकडं नको, तूच मोठ्या मनानं सोड. तू रडायला लागलीस की आण घालेल. आणि तू ती मोडणार न्हाईस. माझ्या गळ्याला काही होऊ नये म्हणून तू लेकीचं शिक्षण पणाला लावशील, येडे, तुला मी ओळखत न्हाई का. म्हणून मी, बेबीनंदा, पुऱ्या शुद्धीवर लिहून देते की माझ्या आवाजात तुला कोणीही, कधीही घातलेली आण आजच सुटली. सुटली, सुटली, सुटली. माझ्या गळ्याला काही होत न्हाई. त्या बटणावर बोट ठेवू नको. एकीला काढायचंच असेल तर कंपनीच्या माणसानं समोर येऊन स्वतःच्या तोंडानं काढावं. मला काढलं तरी चालेल, पण माझ्या तोंडानं तुला काढू देणार न्हाई. हे पत्र त्यांच्या हाती लागलं तर माझी जागा गेलीच समज. तरी फाडू नको, प्रियाला दाखव, तिचीही आण मी सोडली म्हणून सांग. आणि वाचून झाल्यावर मला फोन करू नको. मी उचलला तरी बोलणारी मीच का, हे तुला कळणार न्हाई. ह्यांच्यासोबतच परतीच्या गाडीत बस आणि घरी ये. माझे ओठ हलताना दिसले, तरच समज की मी बोलले.

तुझीच,
बेबे